गोड्या पाण्यांतील बुडी

बीड जिल्ह्याचें नांव काढतांच आपल्या डोळ्यांपुढें भेगाळलेली काळी जमीन उभी राहते, हंडे-घागरींची रांग उभी राहते, आणि दसरा-दिवाळी होतांच कोयता घेऊन ऊसतोडणीला निघणारीं कुटुंबें आठवतात. अशा जिल्ह्याविषयीं बोलावयाचें आणि विषय घ्यावयाचा तो खोल पाण्याच्या तळाशीं उतरण्याच्या विद्येचा, हें कोणास विपरीत वाटेल. परंतु जेथें पाऊस बेभरंवशाचा, तेथेंच पाणी मोठमोठ्या जलाशयांत सांठवून ठेवावें लागतें. आणि जेथें सांठवण, तेथें खोली आलीच. आज त्या खोलीविषयीं चार शब्द आपणांपुढें ठेवावे असा माझा विचार आहे.

गोदावरीस मिळणाऱ्या सिंदफणा नदीवर माजलगांव येथें जें धरण आहे, त्याची एकंदर सांठवण सुमारें ४५४ दशलक्ष घनमीटर आहे. सिंदफणेचें स्वतःचें पाणी तर त्यांत येतेंच. शिवाय पैठणच्या नाथसागराचें पाणीही उजव्या कालव्यानें त्यास येऊन मिळतें. या सांठ्यापैकीं सुमारें १४२ दशलक्ष घनमीटर हा मृतसांठा होय, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालीं राहणारें पाणी. दुष्काळांत वर्तमानपत्रें 'धरण कोरडें पडलें' असें लिहितात, तेव्हांही पुष्कळदां हें पाणी तळाशीं असतेंच. केज तालुक्यांत धनेगांवापाशीं मांजरा नदीवर दुसरें मोठें धरण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत तें आटलें आणि लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून द्यावें लागलें, ही गोष्ट आपल्या स्मरणांत असेलच.

या जिल्ह्यास पाण्याची जुनी जाण आहे. निजामशाहीच्या काळांत, सोळाव्या शतकांत, बीड शहराजवळ बांधलेली खजाना विहीर आणि तिच्या पोटांतून निघणारे भुयारी पाट आजही पाहावयास मिळतात. बीडमधील कंकालेश्वराचें देऊळ तर कुंडाच्या मध्यभागीं उभें आहे. पण विहीर काय, कुंड काय, त्यांची खोली गांवास ठाऊक असते. पायऱ्या किती, कपार कोठें, तळाला गाळ किती, हें आजोबा नातवाला सांगूं शकतो. पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधून याच विहिरींत आमच्या खेड्यांतील पोरें पोहावयास शिकत आलीं. धरणाचा जलाशय ही मात्र वेगळी वस्तु आहे. त्याचा काठ दर महिन्याला सरकतो. आज जेथें गुडघाभर पाणी, तेथें श्रावणांत दोन पुरुष पाणी. त्याच्या तळाशीं जुनीं शेतें आहेत, ओढ्यांचीं पात्रें आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत, पाण्याखालीं गेलेल्या घरांचे चौथरे आहेत. वरून पाहणाऱ्यास यांतलें कांहींच दिसत नाहीं.

सप्टेंबर २०२२ मध्यें माजलगांवच्या या जलाशयांत पोहावयास उतरलेले एक गृहस्थ बुडाले. त्यांच्या शोधासाठीं कोल्हापुराहून पथक आलें. शोध चालूं असतां त्या पथकांतील एका जवानालाही त्याच पाण्यांत आपले प्राण गमवावे लागले. बुडालेल्याची वाट पाहत एक कुटुंब काठावर बसलें होतें. दिवस मावळण्यापूर्वीं दुसऱ्या कुटुंबावरही तोच घाला आला. अनभिज्ञ माणूस बुडाला तर आपण त्याच्या अज्ञानास दोष देऊन मोकळे होतों. परंतु जो बुडालेल्यास काढावयास जातो, तोच जेव्हां परत येत नाहीं, तेव्हां त्या पाण्याचा स्वभाव समजून घेणें हें सर्वांचेंच कर्तव्य ठरतें.

भारतीय युद्धाच्या शेवटीं दुर्योधन द्वैपायन ह्रदांत जलस्तंभन करून लपून बसला, अशी कथा महाभारतांत आहे. त्याच्यापाशीं मंत्र होता. आपणांस यंत्रावर भागवावें लागतें, आणि तें यंत्र फार जुनें नाहीं. १९४३ मध्यें झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं एक झडप तयार केली. पाठीवरील नळकांड्यांत दाबून भरलेली हवा ही झडप पाणबुड्याला त्याच्या श्वासाच्या मागणीप्रमाणें आणि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें पुरविते. यालाच आज 'स्कूबा' म्हणतात.

या नळकांड्यास लोक सर्रास 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतात, तें चूक आहे. त्यांत सामान्यतः आपण श्वासावाटे घेतों तीच हवा असते; फक्त ती गाळून, कोरडी करून, सुमारें दोनशेंपट दाबांत कोंडलेली असते. निव्वळ ऑक्सिजन घेऊन कोणी सहा मीटरांच्या खालीं गेला, तर तोच प्राणवायु विषाप्रमाणें बाधून झटके येण्याचा संभव असतो.

आतां दाबाचा हिशोब पाहूं. हवेच्या सबंध वातावरणाचा जो भार समुद्रकांठीं आपल्यावर असतो, तेवढाच भार गोड्या पाण्याचा साडेदहा मीटरांहून किंचित् कमी, म्हणजे विहिरीच्या जुन्या मापानें सुमारें सहा पुरुष, थर देतो. तेवढें खालीं गेलें कीं दाब दुप्पट, त्याच्या दुप्पट खोलीवर तिप्पट. दाब तिप्पट झाला म्हणजे छाती फुगविण्यास हवाही तिप्पट लागते. बारा लिटरांच्या नळकांड्यांत दोनशेंपट दाबानें २४०० लिटर हवा मावते. स्वस्थ माणसास मिनिटास वीस लिटर धरली, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरावी. दहा मीटरांवर एकच तास पुरेल, वीस मीटरांवर चाळीस मिनिटें. त्यांतून चौथा हिस्सा परतीसाठीं राखून ठेवावयाचा, हा नियम. शिवाय हा हिशोब स्वस्थ माणसाचा झाला. अंधारांत, प्रवाहांत, किंवा कांहींतरी पायांत गुंतलें असतां धापा टाकणारा माणूस याच्या दुप्पट-तिप्पट हवा संपवितो. म्हणून घड्याळापेक्षां दाबाच्या कांट्याकडे वारंवार पाहावें लागतें.

वर येतांना याच नियमाची दुसरी बाजू दिसते. दहा मीटरांवर भरलेली सहा लिटर हवा पृष्ठभागावर बारा लिटर होऊं पाहते. पाणबुड्यानें श्वास कोंडून धरला, तर फुप्फुस फाटतें. आणि त्याला फार खोलीही लागत नाहीं, शेवटच्या दीड-दोन मीटरांतही तसें घडूं शकतें. म्हणून या विद्येंतला पहिला धडा असा, कीं श्वास कधीं कोंडावयाचा नाहीं आणि वर यावयाचें तें सावकाश. विहिरींत सूर मारणाऱ्या पोराला आपण याच्या उलट शिकवीत आलों. त्याचें तें बरोबरही आहे, कारण त्यानें छातींत भरलेली हवा वरचीच असते. खालीं ती आकसते आणि वर येतांना पूर्ववत् होते. परंतु असा एखादा धाडसी पोहणारा खालीं पाणबुड्याच्या नळींतून एक घोट हवा घेईल आणि सवयीप्रमाणें श्वास कोंडून वर झेपावेल, तर त्याची गत कठीण होईल.

नुसत्या दमावर बुडी मारणारांनींही एक गोष्ट ध्यानांत धरावी. पुष्कळजण बुडीपूर्वीं भराभर दहा-वीस दीर्घ श्वास घेतात. त्यामुळें अधिक वेळ खालीं राहतां येतें असा त्यांचा समज असतो. वास्तविक अशा श्वासांनीं रक्तांतील प्राणवायु फारसा वाढत नाहीं. कमी होतो तो कार्बन डायॉक्साइड. श्वास घेण्याची तळमळ आपणांस मुख्यतः ह्या दुसऱ्या वायूमुळें लागते. तो नाहींसा केला म्हणजे पहारेकऱ्यास निजविल्यासारखें होतें. प्राणवायु संपत येतो, तळमळ लागत नाहीं, आणि माणूस पाण्याखालींच मुकाट्यानें बेशुद्ध होतो. काठावरच्यांस वाटतें, यानें आज विक्रम केला.

गोड्या पाण्याचे म्हणून कांहीं विशेष आहेत. पहिला विशेष भाराचा. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा अडीच जड असतें. साहित्यासह शंभर किलो भरणारा पाणबुड्या समुद्रांत कमरेस जेवढें शिसें बांधतो, त्यांतून त्यानें जलाशयांत सुमारें अडीच किलो काढावें. नाहींतर तो तळाच्या गाळांत रुततो.

दुसरा विशेष उंचीचा, आणि हा बीडसारख्या पठारी जिल्ह्यांत विसरून चालणार नाहीं. दाबाखालीं श्वास घेतांना हवेंतील नायट्रोजन शरीरांत मुरतो. दाब एकदम उतरला, तर सोड्याची बाटली फोडतांच फेंस यावा तसा तो सांध्यांत आणि रक्तांत बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. त्यानें असह्य वेदना होतात, कधीं अंग लुळें पडतें, प्राणही जातो. किती खोलीवर किती वेळ राहावें आणि वर येतांना कोठें थांबावें, याचीं कोष्टकें १९०८ मध्यें हॉल्डेन या शास्त्रज्ञानें प्रथम शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलीं. परंतु सामान्य कोष्टकें समुद्रसपाटीसाठीं असतात. तीनशें मीटरांहून उंच ठिकाणीं त्यांत दुरुस्ती करावी लागते. माजलगांवचा जलाशय चारशें मीटरांहून अधिक उंचीवर आहे, मांजरेचा सहाशेंहून अधिक. हवेचा दाब पहिल्या ठिकाणीं समुद्रकांठाहून शेंकडा पांच कमी, दुसऱ्या ठिकाणीं शेंकडा सातांहून थोडा अधिक कमी. भेद मोठा नव्हे. पण सुरक्षिततेची मर्यादाच जेथें बारीक, तेथें तोही जमेस धरावा लागतो. शिवाय बुडी आटोपून जीपगाडींत बसून लगेच बालाघाटाची चढण चढली, तर हवेचा दाब आणखी उतरतो. तारकर्लीच्या समुद्रांत सकाळीं बुडी मारून दुपारीं आंबोलीचा घाट चढणाऱ्या हौशी मंडळींनींही हें लक्षांत घ्यावें. विमानांत बसण्यापूर्वीं एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावें असा जो दंडक आहे, त्याचें कारणही हेंच.

तिसरा विशेष अंधाराचा. कोंकणच्या समुद्रांत चांगल्या ऋतूंत कांहीं मीटरांपर्यंत दिसतें. आमच्या जलाशयांत येणारें पाणी काळ्या कपाशीच्या जमिनीवरून येतें. त्या मातीचे कण इतके बारीक असतात, कीं ते आठवडेच्या आठवडे पाण्यांत तरंगत राहतात. चार-पांच मीटरांखालीं विजेरी लावली, तर धुक्यांत मोटारीचे दिवे लावल्यासारखें होतें. प्रकाश उलट डोळ्यांवर येतो. तळाला पाय टेकतांच गाळ उठतो आणि उरलेंसुरलेंही दिसेनासें होतें. पाण्यांत ध्वनीचा वेग हवेच्या चौपटीहून अधिक असल्यामुळें आवाज कोणीकडून आला हें दोन्ही कानांस ठरवितां येत नाहीं. वर कोण, खालीं कोण, हें सांगणारी एकच वस्तु उरते, ती म्हणजे कमरेची दोरी. अशा पाण्यांत पाणबुड्या डोळ्यांनीं शोधीत नाहीं, हातांनीं शोधतो. आणि काठावरचा माणूस दोरीच्या हिसक्यांवरून त्याची खुशाली ओळखतो. उन्हाळ्यांत वरचें पाणी कोमट आणि कांहीं मीटरांखालीं एकाएकीं गार, असे थरही लागतात. पाणी हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें उष्णता वाहून नेतें. त्यामुळें मराठवाड्याच्या वैशाखांतही पाऊण तासानंतर पाणबुड्याचीं बोटें बधिर होऊं लागतात, आणि बधिर बोटांनीं गांठ सुटत नाहीं.

चौथा विशेष म्हणजे माणसानें पाण्यांत ठेवलेल्या वस्तु. जलाशयांत मासेमारी चालते. तंगुसाचें जाळें पाण्यांत जवळजवळ अदृश्य असतें. फाटून तळाशीं राहिलेलें जाळें तर वर्षानुवर्षें कुजत नाहीं. त्यांत पाठीवरची झडप एकदां अडकली, कीं जितकें वळावें तितकें तें अधिक आवळतें. म्हणून कापावयाचें हत्यार आणि हाताच्या अंतरावर जोडीदार, यांवांचून उतरणें म्हणजे जिवाशीं खेळ. बाभळीचे बुंधे, कुंपणाच्या कांटेरी तारा, विद्युत्पंपांचे नळ आणि केबली, यांचीही गणना यांतच करावी.

या सर्वांहून भयंकर म्हणजे धरणाचें दार. समजा, दहा मीटर खोलीवर एक वीत-दीड वीत, म्हणजे तीस सेंटिमीटर लांब-रुंद, असें भोंक उघडें आहे आणि पलीकडे पाणी नाहीं. त्या भोंकावर उभ्या असलेल्या पाण्याच्या स्तंभाचें वजन करा: तें नऊशें किलो भरेल. पाणबुड्याचा हात किंवा पाठ तेथें चिकटली, तर दहा माणसांनीं ओढूनही ती सुटावयाची नाहीं. जवळ जाईपर्यंत ओढ फारशी जाणवतही नाहीं. याकरितां पाणबुड्या उतरण्यापूर्वीं जवळपासचीं दारें, पंप आणि विद्युत्पुरवठा बंद करून त्यांस कुलूप घालावें, आणि किल्ली पाणबुड्यांच्या प्रमुखाच्या खिशांत असावी. 'बंद करावयास सांगितलें आहे' एवढ्यावर भागत नाहीं.

इतकें ऐकल्यावर, हे उपद्व्याप करावे तरी कशाला, असें कोणी विचारील. करावे लागतात, याला कारणें आहेत. धरणाचीं दारें तपासावीं लागतात, पाणीपुरवठ्याच्या विहिरींच्या जाळ्या साफ कराव्या लागतात, आणि दुर्दैवानें बुडालेल्यांस काढावेंही लागतें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें ही विद्या शिकविणारें केंद्र उभारलें आहे. तेथें तरुणांनीं अवश्य शिकावें. परंतु स्वच्छ पाण्यांत मिळालेलें प्रमाणपत्र घेऊन गढूळ जलाशयांत उतरूं नये. त्याचें शिक्षण वेगळें आहे, तें दोरीचें आणि अंधाराचें शिक्षण आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबें पावसाळ्यांतील रविवारीं धरणावर सहलीस जातात. त्यांनीं एवढें करावें: चांगलें पोहतां येणाऱ्यानेंही अनोळखी जलाशयांत उतरूं नये. कोणी बुडूं लागल्यास त्याच्यामागें उडी टाकण्यापूर्वीं दोरी, लुगडें, बांबू, झांकण लावलेला रिकामा डबा, जें हातास येईल तें त्याच्याकडे फेकावें. बाहेर काढलेल्या माणसास उलटें टांगूं नये, त्याचें पोट दाबून पाणी काढण्यांत वेळ घालवूं नये. त्याला पाणी निघण्याची नव्हे, हवेची गरज असते; श्वास थांबला असल्यास तोंडानें तोंडांत फुंकून हवा द्यावी, आणि नाडी-श्वास नसल्यास छातीवर दाब देण्याचा उपचार वैद्यकीय मदत येईपर्यंत सोडूं नये. मेंदूस हवेवांचून चार-सहा मिनिटेंही सोसत नाहींत. याचें शिक्षण कांहीं तासांत मिळतें, आणि घरांतील एकानें तरी तें घेतलेलें असावें.

शेवटीं एक सूचना करून थांबतों. समुद्राचा तळ कोणास कोरडा पाहावयास मिळत नाहीं. आमचे जलाशय दुष्काळांत आटतात आणि आपला तळ उघडा करून दाखवितात. कोणतें झाड कोठें राहिलें, पडक्या भिंती कोणत्या, जुनी विहीर उघडी आहे कीं बुजलेली, तार कोठें, जाळें कोठें, हें सारें त्या दोन-तीन महिन्यांत उन्हांत उघडें पडलेलें असतें. ज्या ज्या वर्षीं धरण आटेल, त्या त्या वर्षीं पाटबंधारे खात्याचे लोक, कोळी-भोई बांधव आणि जवळच्या शाळांचे शिक्षक यांनीं मिळून त्या तळाचा नकाशा करावा, जुन्या विहिरी बुजवाव्या, तारा आणि फाटकीं जाळीं उचलून आणावीं, आणि त्या नकाशाची एक प्रत तहसील कचेरींत व एक प्रत शोधपथकापाशीं राहील अशी व्यवस्था करावी. खर्च फारसा नाहीं. श्रम मात्र आहेत. दुष्काळाचें वर्ष सर्वांसच नुकसानीचें जातें. निदान तळाची ही माहिती तरी त्या वर्षांतून हातीं लागावी. म्हणजे पुढच्या भाद्रपदांत पाणी तुडुंब भरलें असतां, कोणाच्या तरी मुलास शोधण्यासाठीं दोरी बांधून जो खालीं उतरेल, त्याला आपल्या हाताखालीं काय येणार आहे हें आधींच ठाऊक असेल.